विठाबाईची मूठ

अय्यागारूंनी तो प्रश्न उत्तर मिळावं म्हणून विचारलाच नव्हता. उपदेशात असे प्रश्न येतात, ऐकणाऱ्यांनी माना खाली घालायच्या असतात आणि बोलणाऱ्यानं पुढं सरकायचं असतं. "इथं बसलेल्यांत असा कोण आहे," ते म्हणाले, "जो छातीवर हात ठेवून सांगेल, की माझं मन आतून स्वच्छ आहे, त्यात पापाचा डाग उरला नाही?" एवढं बोलून ते पाणी प्यायला थांबले. आणि बायकांच्या पहिल्या रांगेत बसलेल्या रेणुकाबाईंचा हात वर गेला.

पुरता वर गेला नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. खांद्यापर्यंत आला, बांगड्या वाजल्या, मागं कोणीतरी फिसकन हसलं, तसा तो पदर सारखा करायच्या निमित्तानं डोक्याकडे वळला. पण सगळ्यांनी पाहायचं ते पाहून घेतलं होतं. अय्यागारू, म्हणजे इथले पाळक, बिचारे तेलुगू माणूस. मावल्याहून दोन बसगाड्या बदलून यायचे आणि जपून जपून मराठी बोलायचे. आपलंच वाक्य चुकलं की काय, अशा चेहऱ्यानं त्यांनी घोट गिळला आणि उपदेश पुढं नेला.

रेणुकाबाईंना खरं म्हणजे लाज वाटलीच नाही. विचारलं, म्हणून सांगितलं. कोणाचं चोरलं नाही, कोणाच्या शेताचा बांध कोरला नाही, कोणाच्या घरात काडी लावली नाही. उगाच मान खाली घालून बसायचं म्हणजे तेही एक नाटकच की!

बोरखेडी हे नार्नूरकडचं, तेलुगू मुलखाच्या कडेचं, कापसा-ज्वारीचं गाव. वरच्या अंगाला मारुतीचा पार, खालच्या अंगाला ख्रिस्ती लोकांची दहा-बारा घरं आणि त्यांचं कौलारू प्रार्थनाघर. आजोबांच्या पिढीत बाप्तिस्मा झाला, पण नावं तीच राहिली, शेतं तीच राहिली आणि भाकरीही तीच राहिली. प्रभुभोजनाला शहरात पाव वापरतात म्हणे. इथं ज्वारीची भाकर आणि भिजवलेल्या मनुकांचा रस. सरकारचा दोन रुपये किलोचा तांदूळ घरोघर आला, पोरं भात मागू लागली, तरी त्या एका दिवसासाठी प्रत्येक घरात ज्वारीचं पीठ राखून ठेवलेलं असायचं. कारण ती भाकर एका घरच्या पिठाची कधीच नसायची.

सुगीच्या सणाचं प्रभुभोजन वर्षातलं सगळ्यांत मोठं. त्याची भाकर जिनं भाजायची, तिनं आदल्या दिवशी परात घेऊन प्रत्येक घरी जायचं. उंबऱ्याबाहेर उभं राहायचं आणि म्हणायचं, "माझं काई चुकलं असन त माफी द्या." घरातल्या बाईच्या मनात काही नसेल, किंवा असूनही ते सोडून द्यायला ती तयार असेल, तर तिनं मूठभर पीठ परातीत टाकायचं. सगळ्या घरांच्या मुठी पडल्या की त्या पिठाची एकच मोठी भाकर. एका घराची मूठ जरी राहिली तरी भाकर नाही, आणि भाकर नाही तर प्रभुभोजनही नाही. ही रीत मिशनच्या कोणा जुन्या मडमेनं घालून दिली की गावातल्या विठाबाईच्या आजेसासूनं, यावर म्हातारे अजून भांडतात. मात्र रीत मोडायची कोणाची हिंमत नव्हती. एका साली विहिरीच्या पाण्यावरून दोन जावांचं पेटलं होतं, तेव्हा पाहुणे नुसती गाणी म्हणून कोरड्या तोंडानं परत गेले होते.

रेणुकाबाईंच्या हाती ती परात येऊन दहा-बारा वर्षं झाली होती. त्यांना कोणीच कधी अडवलं नव्हतं. दारात उभ्या राहिल्या की आतून हसून उत्तर यायचं, "तुमचं काय चुकनार बाई!" आणि मूठ पडायची. होता होता माफीचं ते वाक्य त्या भाजीवाली ओरडते तसं दुरूनच म्हणू लागल्या होत्या. त्यांची भाकर चंद्रासारखी गोल, तव्यावर टाकताना कधी चीर म्हणून गेली नाही. आणि त्यांची प्रार्थना! उभ्या राहिल्या की पावसापासून सरकारपर्यंत, आजाऱ्यापासून गाभण म्हशीपर्यंत सगळ्यांची आठवण करायच्या, तीही अशा गोड आवाजात, की लोक आमेन म्हणायला टपून बसलेले असायचे. असल्या बाईनं स्वच्छ मनासाठी हात वर केला, तर त्यात तिचा एकटीचा काय दोष? गावानंच तिला तसं सांगून ठेवलं होतं.

सणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, न्याहारी आटोपून रेणुकाबाई परात घेऊन निघाल्या. घरोघर त्या हाताचीच थट्टा चालली होती. "आता तुमाले काऊन द्या लागते माफी? तुमचं त खातंच कोरं हाये!" असं म्हणत बायका मुठी टाकत होत्या. रेणुकाबाईही हसत होत्या. परात जड होत चालली होती.

शेवटचं घर विठाबाईचं. विठाबाई विधवा बाई, दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायची, कोणाच्या अध्यात ना मध्यात. तिची मुलगी वच्छला घरातच शिलाई मशीन चालवायची. तीस-बत्तीसची झाली होती, लग्न झालं नव्हतं. सगळ्या गावाच्या चोळ्या-परकर तिच्या हाताखालून जायचे.

रेणुकाबाईंनी वाक्य म्हटलं. विठाबाई मूठ भरून दारात आली, पण ती मूठ परातीवर उघडली नाही.

"रेणुकाबाई, त्या दिवशी तुमी हात वर केला, तो खराच का?"

"खरा म्हंजे?"

"म्हंजे तुमाले खरंच वाटते, का आपलं मन साफ हाये?"

"माझ्या मनात कोणाबद्दल काई नाई बाप्पा," रेणुकाबाई म्हणाल्या. "तुमाले काई वाटत असन त सांगा."

विठाबाईनं आपल्या मुठीकडे पाहिलं. मग ती वळली, आत गेली आणि ते पीठ तिनं परत डब्यात झटकलं. "मंग मी नाई देत," ती आतूनच म्हणाली.

"काऊन पण? झालं तरी काय?"

"तुमाले ठाऊक हाये."

आतलं मशीन थांबलं होतं. थोड्या वेळानं ते पुन्हा सुरू झालं.

रेणुकाबाई घरी येईपर्यंत बातमी त्यांच्या आधी पोचली होती. त्यांचा नुसता जळफळाट झाला. दहा-बारा वर्षांत असं कधी घडलं नव्हतं, आणि अडवावं कोणी, तर विठाबाईनं! जिच्या आजारपणात यांनी पेज नेऊन दिली, जिच्या नवऱ्याच्या मातीला यांनी सगळ्यांत मोठी प्रार्थना केली, तिनं! उद्या नार्नूरकडचे पाहुणे येतील, अय्यागारू येतील, आणि प्रभूच्या मेजावर रिकामं ताट असेल. लोक काय म्हणतील? रेणुकाबाईमुळं अडलं, असंच म्हणतील.

शेजारची लक्ष्मीबाई धावत आली. बाई मनानं वाईट नव्हती, तिला फक्त कुठलीही अडचण लवकर मिटवायची घाई असायची. तिनं वाटीत मूठभर पीठ आणलं होतं.

"हे टाका परातीत आन् मोकळ्या व्हा," ती म्हणाली. "विठाबाईच्या नावानं. पिठावर काई नाव लिवलं असते का? ते काई उद्या उठून सांगनार नाई. सांगितलं तरी लोक तुमचंच आयकतीन."

वाटी परातीशेजारी ठेवून ती गेली. रेणुकाबाई त्या वाटीकडे पाहत बसल्या. खरंच, पिठात पीठ मिसळलं की कोणाला काय कळणार? त्यांनी वाटी उचललीदेखील.

यशवंतराव, त्यांचे मालक, ओसरीवर कापसाचा बोजा बांधत होते. दिवसभरात चार वाक्यं बोलले तर जास्त बोलले असं वाटावं, असा माणूस. ते हातातली दोरी तशीच धरून म्हणाले, "ते टाकू नको."

"मंग काय करू? तिच्या पाया पडू? काई केलंच नाई त माफी कायची मागू?" रेणुकाबाईंचा आवाज चढला. "म्हन्ते, तुमाले ठाऊक हाये! मले काय ठाऊक हाये?"

यशवंतरावांनी गाठ मारली, ती तपासली, आणि मग म्हणाले, "वच्छलाले पाहाले पांढरकवड्याचे पाहुणे आले होते. त्या दिवशी तू डोळे उघडले होते."

रेणुकाबाईंनी हातातली वाटी खाली ठेवली.

"तुमाले कसं ठाऊक?" त्यांनी विचारलं.

"माझेबी उघडे होते," यशवंतराव म्हणाले. "मी तवाच बोलाले पाह्यजे होतं. नाई बोललो." एवढं बोलून त्यांनी बोजा खांद्यावर घेतला आणि ते बाहेर पडले. त्यांचं त्या दिवसाचं बोलणं संपलं होतं.

आता ती गोष्ट अशी. वच्छला लग्नाला आली त्या वर्षी कापूस वेचता वेचता विठाबाईनं रेणुकाबाईंजवळ मन मोकळं केलं होतं. पोरीला लहानपणी दोन-तीनदा फेफरं आलं होतं. पुढं कितीतरी वर्षांत आलं नाही, पण आईचा जीव, सारखी धास्ती. "कोणाले बोलू नका बाई. पण तुमची प्रार्थना पोचते, तुमी तेवढी करा," असं तिनं हात धरून सांगितलं होतं. त्यानंतर काही दिवसांनी, रविवारी, न कळवताच पांढरकवड्याकडचे पाहुणे वच्छलाला पाहायला आले आणि उपासना चालू होती म्हणून दारापाशीच बसले. मुलगा शाळामास्तर, पगारदार. रेणुकाबाई प्रार्थनेला उभ्या होत्या. पाऊस झाला, पीक झालं, आजारी झाले, आणि मग त्या गोड आवाजात म्हणाल्या, "आन् देवबापा, आमच्या वच्छलेले तिच्या फेफऱ्याच्या दुखण्यातून मोकळं कर."

लोक आमेन म्हणाले. पाहुणे जेवले, पुरणाची तारीफ करून गेले. आठवड्याभरानं निरोप आला, मुलगा इतक्यात लग्न करणार नाही म्हणतो. त्यानंतर वच्छलाला पाहायला कोणी आलं नाही. असली गोष्ट गाडीरस्ता नसलेल्या गावांतसुद्धा पोचते.

रेणुकाबाईंनी या सगळ्यावर एक उत्तर तयार करून ठेवलं होतं. मी प्रार्थना केली, शिवी दिली नाही. तिनंच कर म्हटलं होतं. आणि माझे डोळे मिटलेले, पाहुणे आले हे मला कसं दिसणार? गंमत अशी, की इतक्या वर्षांत हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. कोणी विचारत नसताना माणूस उत्तर तयार ठेवतो, ते कोणासाठी, हा विचार मात्र त्यांना कधी शिवला नव्हता.

आज शिवला. त्या चुलीशी बसल्या आणि त्यांनी तो दिवस मनात पुन्हा उघडला. दारात काहीतरी खुडबुडलं होतं. त्यांनी बोलता बोलता डोळे किलकिले केले होते. उंबऱ्याबाहेर काढून ठेवलेले पॉलिशचे बूट त्यांना दिसले होते. असे बूट बोरखेडीत कोणाचे नव्हते, आणि पांढरकवड्याच्या मास्तराशी बोलणी चालल्याचं गावाला ठाऊक होतं, त्यामुळं ते कोणाचे हे समजायला वेळ लागला नाही. त्यांची स्वतःची लेक मथुरा आदल्याच साली दोन एकरांच्या, तोंडानं फटकळ माणसाला दिली होती. ती पहिल्या सणाला आली तेव्हा तिच्या पायांत चपलासुद्धा नव्हत्या. आणि विठाबाईच्या पोरीला मास्तर? मनात एवढंच आलं होतं. माशी बसून उडावी इतकाच वेळ. मग त्यांनी डोळे मिटले, आणि वच्छलाचं नाव घेतलं, नेहमीपेक्षाही गोड आवाजात.

ठरवून केलं असं त्या आजही म्हणू शकत नव्हत्या. पण थांबता आलं असतं, आणि त्या थांबल्या नव्हत्या. प्रार्थनेच्या आत बसून त्यांनी ते केलं होतं, जिथं त्यांना कोणी टोकणार नव्हतं. माणसानं चोरी करावी तर दुसऱ्याच्या घरात करावी. यांनी देवाच्या पायांशी बसून केली होती आणि वर लोकांकडून आमेनही घेतलं होतं. हात वर केला तो आठवला, बांगड्यांचा आवाज आठवला, आणि आता मात्र जी लाज आली ती कुठं तोंड लपवावं कळेना अशी आली.

त्यांनी लक्ष्मीबाईची वाटी तिच्या घरी परत नेऊन दिली. "काऊन, काय झालं?" असं ती विचारत राहिली, पण रेणुकाबाई थांबल्या नाहीत. दिवस कलला होता, गुरं घराकडे वळली होती. परात घेऊन त्या पुन्हा विठाबाईच्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. या वेळी माफीचं वाक्य तोंडातून निघेचना.

"विठाबाई," त्या म्हणाल्या, "मी डोळे उघडले होते. त्या मास्तरचे बूट पाह्यले. मंग पोरीचं नाव घेतलं."

विठाबाई सुपात ज्वारी पाखडत होती. तिचे हात थांबले.

"मी पाह्यलं होतं," ती म्हणाली. "पोरीचं नाव कानावर पडलं, तसे माझे डोळे उघडले. तुमी दाराकडं पाहून राह्यल्या होत्या."

"पाह्यलं होतं? मंग इतके वर्षं मूठ काऊन दिली?"

विठाबाईनं सूप खाली ठेवलं. ती बोलायला लागली तेव्हा तिचा आवाज चिडका नव्हता, थकलेला होता. "भेव वाटे. लोक म्हनतीन, विठाबाईच्यानं प्रभुभोजन अडलं. म्हनून दरसाल मूठ टाकत गेली. टाकताना तोंडानं म्हनू, तुमचं काय चुकनार बाई. आन् मनात म्हनू, हिचे हात तव्यावर भाजो. दरसाल. तेच पीठ तुमी मळलं, तेच मी प्रभूचं शरीर म्हनून खाल्लं." तिनं पदरावरचा कोंडा झटकला. "तुमचा हात वर गेला तवा मले तुमचा राग नाई आला रेणुकाबाई. मले माझी लाज वाटली. म्हनलं, हे बाई निदान भोळेपणानं खोटं बोलून राह्यली. मी त समजून उमजून बोलतो. एक साल तरी खरं वागावं, म्हनून मूठ झटकली."

रेणुकाबाई उंबऱ्याबाहेरच खाली बसल्या होत्या, परात मांडीवर. इतकी वर्षं त्या दारोदार फिरल्या आणि एकाही दारात त्यांना खरं काय ते कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी तरी कुठं खरं विचारलं होतं?

"आता देता का?" त्यांनी हळूच विचारलं.

"ते मूठ माझी नाई," विठाबाई म्हणाली. "पोरीले इचारा."

हे मात्र रेणुकाबाईंना खरोखरच सुचलं नव्हतं. दरसाल त्या या दारात येत, आईकडे माफी मागत, आणि आतून मशीनचा आवाज येत असे. त्या आवाजाच्या मागं एक माणूस बसलेलं आहे, त्याचंही काही म्हणणं असेल, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी आत पाहिलं. वच्छला मशीनवर वाकलेली होती. तिनं दातांनी दोरा तोडला आणि मान वर केली. सगळं ऐकलं होतं तिनं.

"पोरी, माझं चुकलं," रेणुकाबाई म्हणाल्या. "तुझं नुकसान केलं मी. माफी दे."

वच्छला जागची उठली नाही. "काकी, एक सांगा मले. त्या दिवसानंतर कधी माझ्यासाठी प्रार्थना केली का? लोकाईत नाई. घरी. एकटीनं."

रेणुकाबाईंनी तोंड उघडलं. 'केली तर, रोज करतो,' हे शब्द तयारच होते. सवयीनं तेच बाहेर पडले असते. वच्छला त्यांच्याकडे पाहत होती. तिच्या नजरेत राग नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"नाई," रेणुकाबाई म्हणाल्या.

"एकदाबी?"

"एकदाबी नाई."

आणि तिथं त्यांना रडू फुटलं. डोळे उघडले होते की मिटले होते, मास्तरचे बूट, मथुरेच्या चपला, यावर माणूस जन्मभर स्वतःशी वाद घालू शकतो. पण या एका 'नाही'नंतर वाद उरला नव्हता. त्या प्रार्थनेत वच्छलासाठी काही असतं, तर ती दुसऱ्या दिवशी पुन्हा केली असती. एखाद्या आजाऱ्याची चौकशी करतात, तशी निदान एकदा चौकशी तरी केली असती.

"मले त्यानंतर एकदाबी नाई आलं ते," वच्छला म्हणाली. "लहानपणी आलं तेवढंच. मले वाटे, कोणी इचारलं त सांगीन. पण कोणी इचारलंच नाई. सगळे माझ्याकडं हळूच पाहात, आता येते का मंग येते."

ती उठली. डब्यातून तिनं मूठ भरली, दारात आली, आणि परातीवर धरून थोडी थांबली.

"सोडून राह्यली मी काकी," ती म्हणाली. "सुटलं का ते आजच नाई सांगत."

मूठ उघडली. पीठ इतर घरांच्या पिठावर पडलं. जाडसर होतं, जात्यावरचं, म्हणून थोडा वेळ वेगळं दिसत राहिलं.

रविवारी पहाटे रेणुकाबाई पीठ मळायला बसल्या. इतकी वर्षं त्या मळताना गाणं म्हणायच्या, आज घरात नुसता बांगड्यांचा आवाज होता. भाकर थापली, तव्यावर टाकली, आणि टाकताना हात चुकला. मधोमध चीर गेली, काठापासून काठापर्यंत. दुसरी करायला पीठ नव्हतं. मुठी तेवढ्याच असतात.

प्रार्थनाघर भरलं होतं. नार्नूरचे पाहुणे होते, दारात चपलांचा ढीग होता. अय्यागारूंनी मेजावरच्या ताटावरचं फडकं काढलं आणि ती चिरलेली भाकर सगळ्यांना दिसली. बायकांत कुजबुज झाली. रेणुकाबाईंची भाकर, आणि चिरली? रेणुकाबाई आज पहिल्या रांगेत नव्हत्याच. त्या मागं भिंतीला टेकून बसल्या होत्या. "हात चुकला साहेब," त्या तिथूनच म्हणाल्या.

अय्यागारू हातातल्या फडक्याची घडी घालू लागले. तेवढ्यात विठाबाई, जी या घरात आजवर मोठ्यानं कधी बोलली नव्हती, ती म्हणाली, "असू द्या ना अय्यागारू. मोडाचीच त हाये ते."

कोणी हसलं नाही. अय्यागारूंनी मान डोलावली, भाकर दोन्ही हातांत घेतली. मोडण्याआधी नेहमीच्या रीतीनं त्यांनी रेणुकाबाईंकडे पाहिलं. या वेळची प्रार्थना त्यांचीच असायची. "रेणुकम्मा, प्रार्थना करा," ते म्हणाले.

रेणुकाबाई उभ्या राहिल्या. लोकांनी डोळे मिटले आणि वाट पाहू लागले. पाऊस येईल, पीक येईल, म्हशी येतील. काहीच आलं नाही. एक मूल रडलं, त्याला आईनं छातीशी घेतलं.

"अय्यागारू," शेवटी रेणुकाबाई म्हणाल्या, "माझी एक जुनी प्रार्थना कराची राह्यली हाये. ते आधी घरी करू द्या. इथं तुमीच करा."

त्या खाली बसल्या. अय्यागारूंनी थोड्याच शब्दांत प्रार्थना केली, मराठीत जेवढं जमलं तेवढं, उरलेलं तेलुगूत. त्या वेळी यशवंतरावांनीसुद्धा डोळे मिटले होते, असं ते स्वतः सांगतात, आणि त्यांच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. भाकर चिरेवरूनच मोडली. ताट फिरत फिरत मागं आलं. विठाबाईनं आपला तुकडा घेतला, क्षणभर तळहातावर धरला, मग खाल्ला. वच्छलानं घेतला. रेणुकाबाईंनी सगळ्यांत शेवटी, ताटात उरलेला चुरा घेतला.

पाहुणे गेले, भांडी घासून झाली, दिवेलागण झाली. रेणुकाबाईंनी घराचं दार लोटून घेतलं आणि धान्याच्या कणगीआड गुडघ्यांवर बसल्या. सुरुवात कशी करावी ते कळेना. एवढ्या वर्षांत ऐकणारी माणसं समोर नसताना त्या कधी बोलल्याच नव्हत्या. मग त्यांनी वच्छलाचं नाव घेतलं, हळू, कसंबसं, शब्द अडखळत, आणि तिच्यासाठी जे मागायचं होतं ते मागितलं. आमेन म्हणायला तिथं कोणी नव्हतं.